वगाला एकटा राजा पुरत नाही

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर २४ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाली आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी संपली. जगदंब क्रिएशन्सची निर्मिती, कार्तिक केंढे यांचे दिग्दर्शन, प्रताप गंगावणे यांचे लेखन आणि संभाजी महाराजांच्या भूमिकेत डॉ. अमोल कोल्हे, असा तिचा मुख्य तपशील आहे. तिच्याबद्दल बोलताना या यादीतले शेवटचे नाव तेवढे घेतले जाते. चाहत्यांच्या मते ती कोल्हे यांची मालिका. टीकाकारांच्या मतेही ती कोल्हे यांचीच मालिका, आणि म्हणूनच दुर्लक्ष करण्याजोगी. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे आणि ती चुकीची आहे. या मालिकेचे बळ लेखनात आणि नायकाभोवतीच्या पात्रांत होते.

जुन्नर तालुक्यात ही समजूत अधिकच घट्ट आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. कोल्हे नारायणगावचे. आळेफाट्यावर कल्याण-नगर आणि पुणे-नाशिक हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. तिथून पुण्याकडे निघाले की वाटेत नारायणगाव लागते. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला आपल्याकडचा डॉक्टर २००८ मध्ये स्टार प्रवाहच्या ‘राजा शिवछत्रपती’त शिवाजी महाराज झाला आणि पुढे संभाजी महाराजही झाला, याचे कौतुक आळ्यापासून ओतूरपर्यंत असणे स्वाभाविक आहे. मालिका चालू असतानाच, २०१९ मध्ये, ते शिरूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले. प्रतिस्पर्धी होते आंबेगाव तालुक्यातले शिवाजीराव आढळराव पाटील आणि मताधिक्य ५८ हजारांहून थोडे अधिक. तेव्हापासून मालिकेचा विषय निघाला की तो राजकारणाकडे वळतो. एका बाजूला ‘आपला माणूस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मालिकेच्या जिवावर निवडून आला’. मालिका कशी लिहिली होती आणि इतरांनी कामे कशी केली होती, हे दोघेही विचारत नाहीत.

‘मालिकेच्या जिवावर’ हे विधान निवडणुकीच्या हिशेबातही फार टिकत नाही. मालिका संपून चार वर्षे उलटल्यावर, २०२४ मध्ये, त्याच दोन उमेदवारांत पुन्हा लढत झाली आणि कोल्हे यांचे मताधिक्य सुमारे १ लाख ४० हजारांवर गेले. रोज रात्री नऊला घराघरांत दिसणारा चेहरा तेव्हा पडद्यावर नव्हता. पहिल्या निवडणुकीत मालिकेचा हात नव्हता असे यावरून सिद्ध होत नाही. पण मालिकेचे मोल मतांवरून ठरवू पाहणाऱ्यांना हा आकडा अडचणीचा ठरतो. कलाकृतीचा निवाडा मतपेटीतून होत नसतो, त्यामुळे हा मुद्दा इथेच सोडणे बरे.

एका नटावर खेळ उभा राहत नाही, हे जुन्नरच्या प्रेक्षकाला तरी बाहेरून कोणी समजावण्याची गरज नाही. नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. जत्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी घेऊन येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव, आणि राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा, १९५७ आणि १९९० मध्ये, गौरव झालेल्या त्या कलावतीचा लौकिकही फडावाचून उभा राहिला नव्हता. गण, गौळण, बतावणी आणि मग वग, या क्रमाने खेळ रंगतो. वगात राजा असतो, त्याचा पोशाख सगळ्यांत भारी असतो आणि त्याचे संवाद सगळ्यांत लांब असतात. तरीही वग पडणार की तरणार हे प्रधान, सोंगाड्या, मावशी आणि ढोलकीवाला मिळून ठरवतात. राजा चांगला आणि समोरचा प्रधान कच्चा असेल तर राजाचे बोलणे हवेत जाते. याच मातीतला प्रेक्षक टीव्हीपुढे बसला की एका माणसाच्या नावाने टाळ्या वाजवतो, हे थोडे नवलच आहे.

आळे गावाचा या बाबतीतला स्वभाव खरे तर वेगळा आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ही कथा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि सगळे ती ज्ञानेश्वरांची कथा म्हणून सांगतात. परंपरेप्रमाणे त्या रेड्याची समाधी आळ्यात आहे आणि गाव ती भक्तिभावाने सांभाळते. ज्याच्या तोंडून शब्द बाहेर पडले त्याचीही आठवण ठेवणारे हे गाव आहे.

मालिकेच्या लेखनावरचा पहिला आक्षेप असा, की इतिहास आयताच समोर असताना लेखकाने केले काय? प्रसंग ठरलेले, शेवट ठरलेला, उरले ते फक्त संवाद. हा आक्षेप घेणाऱ्यांना संभाजी महाराजांच्या चरित्राचा मराठी वाङ्मयातला प्रवास माहीत नसावा. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास लिहिली गेली. आणि ती लिहिणारा बाळाजी आवजी चिटणिसांचा वंशज होता, ज्यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. व्यसनी, रागीट, राज्य बुडवणारा राजपुत्र ही प्रतिमा अशा साधनांतून रंगभूमीवर आली. राम गणेश गडकरी यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’, वि. ह. औंधकर यांचे ‘बेबंदशाही’, भालजी पेंढारकर यांचा १९४१ चा ‘थोरातांची कमळा’ हा चित्रपट, या सगळ्यांनी ती कमी-अधिक गडद केली. वा. सी. बेंद्रे यांचे साधार चरित्र १९६० मध्ये आले, कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ १९७१ मध्ये, आणि अभ्यासकांपुरते चित्र पालटले. शिवाजी सावंत यांची ‘छावा’ आणि विश्वास पाटील यांची ‘संभाजी’ या कादंबऱ्यांनी ते वाचकांपर्यंत नेले. पण पुस्तक न वाचणाऱ्या घरांत जुनीच प्रतिमा अर्धवट शिल्लक होती. ‘राजसंन्यास’वरचा राग इतका ताजा होता की जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून टाकला गेला. मालिका सुरू झाली ती त्याच वर्षी.

अशा वेळी लेखकापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणजे जुनी बदनामी मसाला म्हणून वापरणे. दुसरी म्हणजे नायकाला पहिल्या भागापासून देव्हाऱ्यात बसवणे. गंगावणे यांच्यावर दुसऱ्या वाटेचा आरोप होतो, आणि तो काही अंशी खराही आहे: मालिकेतले संभाजीराजे फार क्वचित चुकतात. पण लेखनाचा सगळा भार त्या निर्दोष नायकावर ठेवलेला नाही. गोष्ट पुढे जाते ती भोवतालच्या माणसांच्या निर्णयांमुळे. दोन वर्षांचा असताना आई गमावलेल्या मुलापासून सुरुवात करून मालिका आजी, वडील, सावत्र आया, कारभारी, सरनोबत, बायको, बहीण अशी माणसे एकेक करून उभी करते. त्यामुळे कट शिजू लागतो तेव्हा प्रेक्षकाला प्रत्येकाचे घर, भीती आणि हिशेब ठाऊक असतो. आयत्या इतिहासातून हे आपोआप होत नाही. १६८० च्या एप्रिल महिन्याचाच दाखला पुरेसा आहे.

३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराज रायगडावर वारले. थोरला मुलगा पन्हाळ्यावर होता. त्याच्यापर्यंत बातमी जाऊ नये असा प्रयत्न झाला. २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण करण्यात आले. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना कैद करायला निघाले. आणि सरनोबत हंबीरराव मोहिते यांनी, म्हणजे राजारामांच्या आई सोयराबाई यांच्या सख्ख्या भावाने, बहिणीची बाजू सोडून त्यांनाच ताब्यात घेतले. इतिहासाच्या पुस्तकात हे अर्ध्या पानात संपते. मालिकेला यातून आठवडेच्या आठवडे उभे करायचे होते, आणि तेही शेवट सगळ्यांना माहीत असताना. ‘आता काय होणार’ हा प्रश्न इथे चालत नाही. ‘हिने असे का केले’ आणि ‘भाऊ बहिणीला कसा तोडतो’ हे प्रश्न चालवावे लागतात. मालिकेने तेच केले, आणि त्यासाठी स्नेहलता वसईकर (सोयराबाई), महेश कोकाटे (अनाजीपंत, म्हणजे अण्णाजी दत्तो) आणि अनिल गवस (हंबीरराव) हे तिघे नायकाइतकेच आवश्यक होते. त्यांतला एक जरी कमकुवत असता तरी रायगडावरचा तो सारा भाग कोसळला असता.

इथेच दुसरा आणि जास्त लाडका आक्षेप येतो: हे तर सासू-सुनांचे भांडण, फक्त नऊवारी आणि महिरपीत. असे म्हणणाऱ्यांनी वसंत कानेटकर यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आठवून पाहावे. १९६२ चे हे नाटक बाप, मुलगा आणि सावत्र आई यांच्यातल्या घरगुती ताणावरच उभे आहे, आणि त्याबद्दल मराठी समीक्षेने त्याला वाखाणले. इतिहासातला माणूस दाखवला, राज्यामागचे घर दाखवले, अशी ती स्तुती होती. तोच विषय रंगमंचावर गंभीर आणि झी मराठीवर आला की किरकोळ, हा निकष साहित्याचा म्हणता येत नाही; तो तिकिटाच्या आणि शहराच्या प्रतिष्ठेचा निकष आहे. राजघराण्यात वारसाहक्क हाच राज्याचा प्रश्न असतो. गादीवर कोण बसणार हे अंतःपुरात ठरू पाहत असेल, तर अंतःपुर दाखवणे हा पळपुटेपणा ठरत नाही. वसईकर यांची सोयराबाई कारस्थानी आहे, पण तिच्या कारस्थानाला आईपणाची धार आहे. आपल्या मुलाच्या बाजूने उभी राहिलेली राणी म्हणून ती पटते, आणि म्हणूनच तिचा पराभव नुसता खलनायिकेचा पराभव वाटत नाही.

अनाजीपंतांच्या बाबतीत आक्षेप अधिक गंभीर आहे. हे नाव महाराष्ट्राच्या राजकारणात शिवी म्हणून वापरले जाते आणि त्या वापराला जातीचा वास आहे. मालिकेने त्यात तेल ओतले, असे म्हटले जाते. लोकप्रिय मालिकेतले खलपात्र बाहेर काय रूप घेते यावर लेखकाचा ताबा नसतो, ही सबब अपुरी आहे. ताबा नसला तरी जबाबदारी उरते. पण आरोप तपासायचा तर संभाजीराजांविरुद्धच्या कटातली माणसे मोजावी लागतात. १६८१ मध्ये शिक्षा झालेल्यांत अण्णाजी दत्तो होते, तसे कायस्थ प्रभू असलेले बाळाजी आवजी होते आणि हिरोजी फर्जंदही होते. कटाच्या केंद्रस्थानी मोहित्यांची लेक होती. दुसरीकडे शेवटच्या क्षणापर्यंत राजांसोबत राहून त्यांच्याबरोबरच मरण पत्करणारे कवी कलश कनोजी ब्राह्मण होते. मालिकेने ही दोन्ही टोके प्रेक्षकांसमोर ठेवली होती. ज्यांनी त्यातून एकच नाव उचलले त्यांनी मालिकेपेक्षा आपल्या सोयीचे अधिक पाहिले. कोकाटे यांच्या कामाला याचा फटका बसला हे मात्र खरे. करड्या, हिशेबी कारभाऱ्याची त्यांची रेखाटणी, ज्याला आपण राज्याचेच भले करतो आहोत असे मनापासून वाटते, ती घोषणांच्या गदारोळात हरवली.

बाकीच्या पात्रांपैकी काहींवर थोडक्यात भागते. प्रतीक्षा लोणकर यांच्या जिजाऊ आणि पल्लवी वैद्य यांच्या पुतळाबाई नेटक्या होत्या. बालसंभाजी झालेल्या दिवेश मेदगेने सुरुवातीचे भाग सावरले. मालिकेचा पहिला प्रेक्षक त्याने बांधला, हे नंतर कुणी फारसे बोलले नाही. शिवाजी महाराज झालेल्या शंतनू मोघे यांना सगळ्यांत अवघड काम होते. त्यांच्यासमोर शिवाजी महाराज म्हणून ज्यांचा चेहरा मराठी घरांत ठसला होता, तेच कोल्हे मुलाच्या भूमिकेत उभे होते. तुलना अटळ होती. मोघे यांनी आवाज चढवून ती जिंकायचा प्रयत्न केला नाही. थकलेला, घरात एकटा पडत चाललेला बाप त्यांनी दाखवला, आणि त्या निर्णयामागे लेखनाचाही हात दिसतो.

राणूअक्का आणि कोंडाजी फर्जंद ही दोन पात्रे मात्र अधिक वेळ मागतात, कारण ‘लेखकाने केले काय’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात आहे. संभाजीराजांच्या या थोरल्या बहिणीबद्दल साधने फार कमी बोलतात. अश्विनी महांगडे यांची राणूअक्का म्हणजे जवळजवळ पूर्णपणे लेखकाने आणि अभिनेत्रीने मिळून घडवलेली व्यक्ती. इतिहासाच्या शुद्धतेचा आग्रह धरणारे इथे बोट ठेवतात. पण नाव आणि नाते एवढेच हाती असताना त्या काळाशी विजोड न होणारी स्त्री रचणे हेच ऐतिहासिक कथालेखनाचे काम आहे. कादंबरीकाराला ही मोकळीक देणारे लोक मालिकालेखकाकडून दाखले मागतात. कोंडाजी फर्जंदाची जंजिऱ्याची मोहीमही अशीच. फितुरीचे सोंग घेऊन सिद्दीच्या किल्ल्यात शिरलेला आणि तिथे मारला गेलेला हा सरदार आनंद काळे यांनी असा रंगवला की कित्येक आठवडे प्रेक्षक राजांपेक्षा त्याची वाट पाहत होते. नायक पडद्यावर नसताना मालिका पाहिली जाते, याहून चांगला पुरावा संचाच्या ताकदीचा मिळणार नाही.

खलनायक कमकुवत असला की वीराचा पराक्रम फुकाचा वाटतो. मराठी ऐतिहासिक चित्रपटांतला मोगल बहुधा गडगडाटी हसतो, दाढी कुरवाळतो आणि दचकतो. अमित बहल यांचा औरंगजेब यातले फारसे काही करत नाही. तो कमी बोलतो, आणि बोलतो तेव्हा समोरच्याचे वय, थकवा, हाव मोजून बोलतो. १६८१ मध्ये दख्खनेत उतरलेला आणि १७०७ मध्ये इथेच मेलेला हा बादशहा म्हातारा, चिवट आणि एकाकी होता. भूमिका त्या वयाला धरून आहे. पोटचा मुलगा अकबर बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला गेल्यावर त्याच्या रागात लपवलेली नामुष्की दिसते. रायगडावर सावत्र आई आणि मुलगा, तिकडे बाप आणि बंडखोर मुलगा, अशा दोन घरांची गोष्ट समोरासमोर चालवणे ही लेखनाची नजर होती. एका घराने तडा बुजवला, दुसऱ्याने तो रुंद होऊ दिला.

मालिकेत दोष होते आणि ते बचावाच्या भरात झाकण्याचे कारण नाही. प्रत्येक वाक्यावर तीन चेहरे दाखवण्याची सवय, संथ गतीने फिरणारी तलवार, जाहिरातीआधी ताणलेला श्वास, काल झालेले आज पुन्हा सांगणे: हे सगळे होते. संवाद पुष्कळदा लांबले. त्यातला बराच भाग रोजच्या मालिकेच्या रचनेतून येतो. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटे उरतात, आठवड्याला सहा भाग द्यावे लागतात, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि भागांची बँक संपत आली की रात्री लिहिलेला प्रसंग सकाळी सेटवर जातो. नाटककाराला तालमीत वाक्य कापता येते. मालिकालेखकाला ती चैन नाही. तरीही यातले किती वाहिनीने गळ्यात मारले आणि किती टाळता आले असते, हा प्रश्न उरतोच; लढायांच्या भागांत तरी कात्री चालायला हवी होती.

पण याच लांबीने जे मिळाले ते आखूड रूपात मिळत नाही, हे २०२५ च्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटाने दाखवून दिले. लक्ष्मण उतेकर यांचा हा चित्रपट पावणेतीन तासांच्या आतला आहे. त्यात लढाया भव्य आहेत, शेवटचा छळ अंगावर येतो, विकी कौशल यांनी जीव ओतला आहे. पण रायगडावरचे राजकारण त्यात घाईत उरकते, सोयराबाई सावलीसारख्या येऊन जातात आणि राजा बव्हंशी एकटाच लढतो आहे असे वाटते. चित्रपट वाईट आहे असा याचा अर्थ नाही; त्याला वेळ नव्हता आणि त्याने वीराला निवडले. मालिकेकडे वेळ होता आणि तिने माणसे निवडली. ‘छावा’ पाहून आलेल्या कित्येक मराठी घरांत मालिकेची आठवण निघाली ती लढायांसाठी नव्हे. गर्दीतल्या इतर चेहऱ्यांसाठी निघाली.

त्या चेहऱ्यांत येसूबाई शेवटी आणि सगळ्यांत ठळक. प्राजक्ता गायकवाड यांची येसूबाई सुरुवातीला शृंगारपूरहून आलेली सोशिक सून वाटते आणि हळूहळू कारभार हाती घेणारी राणी होते. संभाजीराजांनी ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी मुद्रा देऊन त्यांना राज्याचे अधिकार सोपवले होते. लेखनाने या मुद्रेला नुसत्या कौतुकाचा दागिना न ठेवता कामाचे हत्यार केले. पुढे त्यांच्या माहेरच्या शिर्क्यांनीच पाठ फिरवली तेव्हा गायकवाड यांनी रडण्याचा सोपा मार्ग टाळला. याच जागी मालिकेवरचा एक खरा आक्षेप उभा राहतो, जो टीकाकारांनी घेतला नाही. मालिकेचा पट संभाजीराजांच्या बलिदानापाशी, मार्च १६८९ पाशी थांबतो. त्यानंतर येसूबाईंनी स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून राजारामांना पुढे केले, वेढ्यातला रायगड लढवला, त्या वर्षाच्या अखेरीस कैद पत्करली आणि मोगलांच्या ताब्यातून त्या सुटल्या त्या १७१९ मध्ये, तीस वर्षांनी. एप्रिल १६८० मध्ये ज्या वारसाहक्कावरून घर फुटले होते, त्याच प्रश्नाचे हे उलटे उत्तर होते आणि लेखनाने त्याची पूर्ण तयारी करून ठेवली होती. नाव नायकाचे होते म्हणून मालिका नायकाबरोबर संपली, आणि तिच्यातल्या सर्वांत तयार पात्राचे निम्मे आयुष्य पडद्याबाहेर राहिले.